चिखलात ट्रक घालणारी माणसं

ट्रक आला तेव्हा मी माहेरच्या ओट्यावर चवळीच्या शेंगा मोडत बसले होते. वसईजवळ गासला आमचं घर रस्त्यापासून जरा आत आहे, मध्ये केळी आणि आईचे भाजीचे दोन वाफे. त्यातल्या एका वाफ्यावरून आधी आमचा ट्रॅक्टर आला, त्याच्यामागे साखळीने बांधलेला ट्रक आला, आणि ट्रकच्या स्टिअरिंगमागे माझा नवरा बसलेला होता. ताठ. वरातीत घोड्यावर बसतात तसा. ट्रॅक्टर माझा मोठा भाऊ चालवत होता, त्याच्या चेहऱ्यावर नेहमीप्रमाणे काहीच नव्हतं.

"आई, तुझा वाफा," मी म्हणाले.

"बघतेय ना," आई म्हणाली. "पालक व्हता."

ट्रक लष्कराच्या लिलावातला होता. चारही चाकांना जोर असलेला, पुढून बसक्या नाकाचा, हिरवा रंग पोपडे धरून सुटलेला. वरची ताडपत्री नव्हती, काचा नव्हत्या, बॉनेट सुतळीने बांधलेलं. मी सुतळी सोडायला लावली. आत पाहिलं तर खालचं गवत दिसत होतं.

"अहो, याला इंजिन नाही."

"ते टाकायचंय," नवरा म्हणाला. एखाद्याने चहात साखर टाकायचीय असं सांगावं तसं.

दोन हजार साल उलटून एखाद-दोन वर्षं झाली असतील. आम्ही विरारजवळ बोळिंजला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. नवरा मुंबईत एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये कामाला होता. खिळे, नट, वॉशर यांच्या बरण्यांवर नंबर टाकायचे, हे त्याचं आयुष्य. मी वसईला एका टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवत होते. कॉम्प्युटर आले होते, तरी सरकारी परीक्षेसाठी मुली अजून मशीनवर बसत. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढायची सवय लागली की माणसाचा स्वभाव काही गोड राहत नाही, हे मी मान्य करते.

नवऱ्याला हे खूळ आधीच्या पावसाळ्यात लागलं. एका बिल्डरने आणि एका पुढाऱ्याने मिळून चिखलात गाड्या घालायची स्पर्धा ठेवली होती. कोण कुठल्या शेतात ठेवणार? आमच्याच. म्हणजे जे पूर्वी आमचं होतं त्या खालच्या शेतात. बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी ते त्या बिल्डरला दिलं होतं. त्याने अजून काही बांधलं नव्हतं, नुसतं पडीक ठेवलं होतं. ज्या शेतात माझी आई वीस-पंचवीस पावसाळे कमरेत वाकून लावणी करत होती, तिथे मुंबईहून माणसं जीप घेऊन आली, चिखलात रुतली, आणि रुतल्याबद्दल लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईला कोणी कधी कप दिला नव्हता.

नवरा ती स्पर्धा बघायला गेला आणि गुडघाभर चिखल घेऊन परत आला. बाथरूममधून ओरडून मला सांगत होता, "अगं, एक जीप अख्खी पाण्यात गेली, अख्खी! आणि बाहेर आली!" मी म्हटलं, म्हैस रोज जाते आणि रोज बाहेर येते. त्याला ऐकू गेलं नाही.

त्याचे दोन मित्र आमच्याच बिल्डिंगमधले. एक बँकेत होता, दुसरा औषध कंपनीच्या बॅगा घेऊन डॉक्टरांच्या दारात बसायचा. तिघांनी मिळून हा ट्रक घेतला. तिघांपैकी एकालाही सायकलची चेन बसवता येत नव्हती. बोळिंजला सोसायटीने ट्रक आत घेऊ दिला नाही, म्हणून तो माझ्या माहेरी आला.

पुढचे सगळे रविवार ट्रकचे झाले. सकाळी तिघं दोन स्कूटरवरून गासला निघत. मी मागून बसने जाई, कारण घरी बसून काय करणार, आणि खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. बघून चिडायचं होतं. ओट्यावर माझी जागा ठरलेली. समोर आंब्याखाली ट्रक, ट्रकखाली दादा, आणि ट्रकभोवती खुर्च्या टाकून तिघं.

खुर्च्यांवर बसून त्यांची चर्चा चाले. ट्रकचं नाव काय ठेवायचं? वाघ की गेंडा? यावर तीन रविवार गेले. गेंड्याला चिखल आवडतो, असा बँकवाल्याचा मुद्दा होता. वाघ दिसायला बरा, असा औषधवाल्याचा. शेवटी वाघ ठरला आणि तिघांनी पिवळे टी-शर्ट छापून आणले. पाठीवर वाघाचं तोंड, खाली मोठ्या अक्षरात 'चिखलविर'. वि ऱ्हस्व. मी म्हटलं, वीर दीर्घ असतो. औषधवाला म्हणाला, "वहिनी, लांबून कोणाला कळतंय?"

तोवर ट्रकमध्ये इंजिन पडलेलं नव्हतं.

इंजिन दादाने शोधलं. हायवेच्या भंगारवाल्यांकडे तो चार-पाच वेळा गेला आणि एका मोडीत निघालेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन घेऊन आला. मूळचा ट्रक पेट्रोलचा होता. नवऱ्याने विचारलं, "दादा, पेट्रोलच का नको?"

दादा नेहमी दोन शब्दांत बोलणारा माणूस. पण त्या दिवशी त्याने हात पुसले आणि नीट समजावून सांगितलं. "पेट्रोलला ठिनगी लागते, भावोजी. वायरीवर पानी गेलं की ठिनगी मेली, गाडी मेली. डिझेलला ठिनगी नको. हवा भेटली आनि डिझेल भेटलं की ते चालतं. फक्त नाकात पानी जाता कामा नये."

"नाक कुठे असतं?" नवऱ्याने विचारलं.

मला लाज वाटली. बत्तीस-तेहतीस वर्षांचा माणूस, नोकरीवाला, इंजिनाचं नाक कुठे असतं विचारतोय. दादाने त्याला हाताला धरून नेलं आणि दाखवलं.

टेम्पोचं इंजिन आणि लष्कराचा गिअरबॉक्स काही जुळेनात. भोकं वेगळी, गोलाई वेगळी. दादाने पुठ्ठ्यावर दोन्हींचे छाप घेतले, पुठ्ठा कापून मधल्या तुकड्याचा नमुना बनवला, आणि वसईच्या लेथवाल्याकडून जाड लोखंडाची चकती करून आणली. पहिली चकती सूतभर चुकली. दुसरी बसली. ती बसली तेव्हा आवाज झाला, टक्, आणि दादा ट्रकखालून हसला. मला वाटलं खोकला आला.

मग हवेचं नाक. प्लंबरकडचा सांडपाण्याचा जाड पाइप त्याने इंजिनापासून वर डोक्याच्याही वर नेला, जोडाला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, वर पट्टी आवळली. ट्रकला वाघ म्हणत होते, दिसायला तो संडासाच्या मागच्या बाजूसारखा दिसू लागला. मी तसं म्हटलंही. आई पदराआड हसली. तिघं हसले नाहीत.

सगळ्यात मोठं भांडण टायरवरून झालं. बँकवाल्याने कुठल्याशा इंग्रजी मासिकात फोटो पाहिले होते, त्यात रुंद, फुगीर टायर होते. दादा म्हणाला, अरुंद टायर घ्या, ट्रॅक्टरसारखे, मोठ्या दातांचे. आमच्या शेतात हातभर चिखलाखाली कडक जमीन आहे, वर्षानुवर्षं नांगर तिच्यावरून फिरलेला. अरुंद टायर चिखल कापून तिथे टेकेल. रुंद टायर वरच घसरत राहील.

"पण दादा, सगळे रुंदच लावतात," बँकवाला म्हणाला.

"सगळे रुततात पन," दादा म्हणाला.

मतं तीन विरुद्ध एक पडली. रुंद टायर आले. दादाने मुकाट्याने बसवून दिले. त्या दिवशी मी बसमध्ये नवऱ्याशी बोलले नाही. तो स्कूटरवर होता, त्यामुळे त्याला ते कळलंच नाही.

स्पर्धा ऑगस्टात, एका रविवारी. शेताच्या कडेला मांडव, लाल खुर्च्या, लाऊडस्पीकर. ट्रकवाले, जीपवाले रांगेत उभे. मुंबईहून आलेल्या काही गाड्या इतक्या चकचकीत होत्या की त्यांच्या मालकांनी पायात प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून सीटवर पाय ठेवले होते. चिखलात शर्यत खेळायला आले होते आणि चपलेला चिखल लागू देत नव्हते. पुढारी दीड तास उशिरा आला. चिखलात नारळ फोडायचा होता. दगडच नाही, फोडणार कशावर? शेवटी कोणीतरी एका जीपच्या लोखंडी बंपरवर फोडला, बंपर त्या जीपवाल्याने नवाच बसवला होता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

माइकवाला ओरडत होता. "आता येत आहे, वसई तालुक्याचा वाघ!"

नवरा चालवायला बसला, बँकवाला शेजारी. औषधवाला बांधावरून शूटिंग करणार होता. दादा बांधावर ट्रॅक्टर घेऊन उभा, कारण रुतलेल्या गाड्या ओढायचं काम बिल्डरने त्याला दिलं होतं. आई छत्री घेऊन माझ्याजवळ. तिने सकाळीच जावयाला सांगितलं होतं, "उजवीकडनं जा. डावीकडं वर सुकं दिसतंय, पन तिथं जुना खड्डा हाय, आमची म्हैस अडकली व्हती तिथं." नवऱ्याने मान डोलावली होती. पण त्याच्या आधीच्या दोन्ही गाड्या डावीकडून गेल्या होत्या. बँकवाल्याने हाताने डावीकडे दाखवलं. नवरा डावीकडे वळला.

वीस पावलं. त्याहून जास्त नसतील. रुंद टायर गरगर फिरले, चिखलाचा फवारा मांडवापर्यंत गेला, पुढाऱ्याच्या सदऱ्यावर पडला, आणि ट्रक हळूहळू, अगदी सावकाश, बसला. म्हैस बसते तसा. आवाज चालूच, चाकं चालूच, ट्रक मात्र खाली.

मी हसले. तोंडावर हात न धरता, मोठ्याने. लाऊडस्पीकर नेमका त्याच क्षणी बंद पडला होता, त्यामुळे माझं हसणं त्या अख्ख्या शेतात एकटंच गेलं. नवऱ्याने वळून पाहिलं. त्याच्या तोंडावर चिखल होता, फक्त डोळे दिसत होते.

दादाने ट्रॅक्टर लावला, साखळी टाकली, ओढून काढलं. घरी आल्यावर नवरा अंग धुऊन सरळ झोपला. मला वाटलं, संपलं. भंगारवाल्याला बोलावतील, आई तिथे पुन्हा पालक लावेल.

पुढच्या रविवारी तो सकाळी उठला, जुनी पँट चढवली आणि एकटाच गासला निघाला. बँकवाला आणि औषधवाला त्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही फारसे आले नाहीत. त्यांना पिवळे टी-शर्ट मिळाले होते, तेवढं पुरलं.

आता दोघंच. दादा आणि तो. रुंद टायर गेले, ट्रॅक्टरचे अरुंद टायर आले. दादाने मागच्या दांड्याच्या आतलं दातांचं चक्र वेल्डिंग मारून एकजीव केलं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरणार.

"मग वळणार कसा?" नवऱ्याने विचारलं.

"वळायचं कशाला? सरळ जायचं."

नवरा हसत सुटला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मला एवढंच दिसत होतं की माझा भाऊ सहा दिवस शेतात आणि लोकांच्या मोटारपंपांवर राबतो, आणि सातव्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या खुळापायी ट्रकखाली पाठीवर पडून राहतो. त्याचं काहीतरी केलं पाहिजे होतं, आणि ते मीच करायला हवं होतं. तो कधी कोणाला नाही म्हणत नाही. लहानपणापासून तसाच.

मार्चात एका दुपारी क्लासला सुट्टी होती म्हणून मी एकटी गासला गेले. आई झोपली होती. दादा ट्रकखाली, बाहेर फक्त पाय.

"दादा, बाहेर ये. बोलायचंय."

"बोल. ऐकतोय."

मग मी त्याच्या पायांशीच बोलले. म्हटलं, हा माणूस तुला वापरून घेतोय. काम तुझं, नाव त्याचं. त्याला तुझ्या वेळेची काही किंमत नाही. तुला नाही म्हणता येत नाही, ते मला माहितेय, म्हणून मीच सांगते त्याला, घेऊन जा तो डबा इथून. तू मध्ये पडू नकोस.

खालचा ठोकण्याचा आवाज थांबला. दादा घसरत बाहेर आला, उठून बसला. तोंडाला काळं ऑइल.

"तुला कोनी सांगितलं, मला नाय म्हनता येत नाय?"

"मला दिसत नाही का?"

त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "बाबा गेले तेव्हा दहावीत व्हतो मी. काकांनी सांगितलं शाळा सोड, शेत बघ. बघितलं. तू सांगितलंस कॉलेजला जायचंय. बरं म्हटलं, पाठवली. बिल्डर आला, सगळ्या भावकीनं सांगितलं खालचं शेत देऊन टाक. दिलं. मला सगळे सांगतातच. हा एक मानूस येतो आनि विचारतो, दादा, कसं करायचं?"

"कारण त्याला काही येत नाही!"

"मग? येत नाय तर विचारतो. तू विचारलंस कधी काय?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरोखर एकही वेळ आठवेना.

"शाळेत असताना तू मला पानीचं पाणी म्हनायला शिकवायचीस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, तो कधीच चढत नाही. "दहा दहा वेळा म्हनायला लावायचीस. मी म्हनायचो, तुला बरं वाटायचं म्हनून. आता तू रविवारी येतेस, तिथं ओट्यावर बसतेस, आनि ते तोंड करतेस. तेव्हा माझा पाना सटकतो. तू नको येत जाऊस रविवारची. आईला भेटायला दुसऱ्या दिवशी ये."

मला इतका राग आला की मी आईला न उठवताच निघाले. बसस्टॉपवर उभी राहून मनात म्हणत होते, ठीक आहे, मरा दोघं त्या चिखलात. मी त्याच्यासाठी बोलायला गेले आणि त्याने मला घराबाहेर काढलं. नवऱ्याला मी यातलं काहीच सांगितलं नाही. रविवारी घरी बसू लागले, कपाटं आवरू लागले. एका कपाटात तो पिवळा टी-शर्ट होता. त्याच टी-शर्टने मी फरशी पुसली.

ऑगस्ट आला. मी जाणार नव्हते. आईने शेजाऱ्यांच्या फोनवरून सांगितलं, "ये तू. मला एकटीला त्या लोकात बसवत नाय." म्हणून गेले. आईसाठी.

मांडव तसाच, खुर्च्या तशाच, पुढारी या वेळी पावणेदोन तास उशिरा आणि पांढऱ्याऐवजी काळ्या कपड्यात. शहाणा झाला होता. बिल्डर स्टेजवर. स्पर्धेच्या टप्प्यात यंदा एक नवी गोष्ट होती. शेताच्या शेवटी जेसीबीने लांब खड्डा काढून त्यात पाणी सोडलं होतं, छातीइतकं. तिथून पलीकडे निघालं तरच पुरी झाली शर्यत.

या वेळी चालवायला दादा होता. नवरा शेजारच्या सीटवर. दोघांच्या अंगात घरचे जुने शर्ट.

दादा उजवीकडून गेला. माझ्या शेजारी आई उभी राहिली, छत्री बंद केली. ट्रक हळू चालला होता, आधीच्या गाड्या जशा उसळत, फवारे उडवत गेल्या तसा नाही. दादा गाडी पळवत नव्हता, नांगर धरावा तसा नेत होता. पुढचं चाक खाली जाई, टेकून राही, मग मागचं येई. कुठे बांध होता, कुठे पाट होता, कुठे भुसभुशीत होतं, त्याला सगळं माहीत होतं. ज्या जागी आम्ही लावणीच्या वेळी भाकरी खायला बसायचो, तिथे त्याने थोडं डावीकडे घेतलं, कारण तिथे खाली मोठा दगड होता. मुंबईच्या एका जीपचं चाक तासाभरापूर्वी त्याच दगडावर तुटलं होतं.

पाण्याच्या खड्ड्यापाशी येऊन ट्रक थांबला. नवरा उतरला, बॉनेट उघडून पंख्याचा पट्टा काढला, म्हणजे पंखा पाण्यात फिरून मोडू नये. ते त्याने बरोबर केलं. परत वर चढताना त्याचा खांदा हवेच्या पाइपला लागला आणि वरची पट्टी तुटली. पाइप एका बाजूला कलंडला. मी बांधावरून पाहिलं आणि म्हटलं, झालं. याच्यासाठीच नेला होता याला.

तो चढतोय तोवर दादाने गाडी सोडली होती, तो आत शिरलाच होता. थांबता येत नव्हतं. ट्रकचं तोंड पाण्यात गेलं. आणि माझा नवरा सीटवर उभा राहिला, दोन्ही हातांनी तो सांडपाण्याचा पाइप पकडला आणि डोक्यावर उंच धरला. पाणी बॉनेटवरून आत आलं, त्याच्या गुडघ्यांना लागलं. ट्रक खालच्या चिखलात हेलकावे घेत होता आणि हा माणूस कशालाच धरू शकत नव्हता, कारण दोन्ही हात पाइपला. एकदा तो पुढच्या लोखंडी चौकटीवर आदळला, तोंडावर. पाइप खाली आला नाही. लोक हसत होते. दृश्यच तसं होतं, नाकातून रक्त येणारा एक कारकून मोरीचा पाइप देवाच्या काठीसारखा धरून पाण्यातून चाललाय. मी हसले नाही. का, ते मला सांगता येत नाही. आईने माझं मनगट धरलं होतं आणि तिची नखं रुतत होती.

ट्रक पलीकडे चढला. इंजिन चालू होतं.

दुसरा नंबर आला. पहिला मुंबईच्या एका मुलाचा आला, परदेशी जीप, बरोबर दोन मेकॅनिक, तोही दादाच्या निम्म्या वेळेत. त्याला कप मिळाला. दुसऱ्याला भिंतीवरचं घड्याळ, त्याच्या तबकडीवर पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. काटे त्याच्या नाकावरून फिरणार. इतकी बेशरम वस्तू मी आयुष्यात पाहिली नाही. माइकवाल्याने दादाच्या तोंडापुढे माइक धरला. "दादा, तुमच्या यशाचं रहस्य काय?"

दादाने स्टेजवरच्या बिल्डरकडे पाहिलं, मग माइककडे.

"शेत आमचंच व्हतं," तो म्हणाला.

माइकवाल्याने घाईघाईने माइक काढून घेतला आणि पुढाऱ्याचे आभार मानायला सुरुवात केली.

घरी आल्यावर आईने जावयाच्या नाकाला हळद लावली. मी पाणी गरम केलं. दादा ओट्यावर बसून पाय धूत होता. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "तो दगड तुला कसा लक्षात राहिला?"

त्याने वर पाहिलं. मी चेष्टा करतेय का, हे बघत होता. मग सांगू लागला. दगडच नाही, सगळं शेत सांगू लागला, कुठे काय होतं, बाबांनी कुठला पाट बुजवला होता, कुठला उकरला. बराच वेळ सांगत होता. मी ऐकलं. ते सगळं मला ठाऊक असायला हवं होतं, आणि मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या बोलण्यात किती न आणि किती ण होते, ते या वेळी मी मोजलं नाही.

त्यानंतर स्पर्धा झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या शेतात डंपर येऊ लागले, तोडलेल्या इमारतींचा राबिट आणि माती टाकून शेत रस्त्याच्या उंचीला आणलं. आता तिथे सात मजल्यांच्या इमारती आहेत, पावसाळ्यात त्यांच्या पार्किंगमध्ये पाणी भरतं, आणि राहणारे तक्रार करतात की पाणी येतं कुठून. माझ्या मते अशा माणसांना पाण्यातच राहू द्यावं. बँकवाल्याने तिथे फ्लॅट घेतला. तोही तक्रार करतो.

ट्रक एका पावसाळ्यात डंपर ओढायच्या कामाला लागला, मग खाऱ्या हवेने त्याची चॅसी सडली. दादाने इंजिन काढून ठेवलं आणि बाकीचं विकून टाकलं. तोवर लोक त्याच्याकडे गाड्या घेऊन येऊ लागले होते. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेल बसवून द्या, गिअरबॉक्स जुळत नाही, बघा. बोळिंजचे, विरारचे, एकदा तर तो परदेशी जीपवाला मुलगा आला होता. आंब्याखाली पत्र्याची शेड झाली. पालक आता आई घराच्या मागे लावते.

ट्रकबद्दल माझं मत बदललेलं नाही. तो मूर्खपणा होता. चिखलात गाडी घालून बाहेर काढणं यात मला आजही काही कसब दिसत नाही, आणि ते बघायला तिकीट काढून येणाऱ्यांबद्दल मी काय म्हणते ते छापण्यासारखं नाही. पण रविवारी मी पुन्हा गासला जाते. ओट्यावर बसते. तोंड कसं असतं ते मला दिसत नाही, पण दादाने पुन्हा तक्रार केलेली नाही.

नवरा अजून जातो. इतक्या वर्षांत त्याला नट-बोल्टचे सगळे नंबर पाठ आहेत, स्टोअर्समधला माणूस, पण हातात काही धरायची वेळ आली की गडबडतो. दादा गाडीखालून हात बाहेर काढतो आणि चौदाचा पाना मागतो. नवरा सतराचा देतो. दादा तो घेतो, बघतो, परत देतो.

"भावोजी," तो म्हणतो, "याच्या बाजूचा."